माणूस त्याच्या जागी: यात्रेसाठी भिंगाची निवड

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे जाताना चारोटीचा नाका मागे पडला, की थोड्याच वेळात महालक्ष्मीचे देऊळ लागते. हे देऊळ ज्या गावाच्या हद्दीत येते ते मौजे विवळवेढे, तालुका डहाणू, पूर्वी ठाणे आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणारे; वर्षाच्या बहुतेक दिवसांत हमरस्त्यावरून जाणाऱ्याने गाडी थांबवावी, हात जोडावेत आणि पुढे व्हावे, इतकाच त्याचा आणि परक्या प्रवाशाचा परिचय. परंतु चैत्री पौर्णिमा आली, की डहाणू, तलासरी आणि जव्हारच्या पाड्यांतून, समुद्रकाठच्या कोळीवाड्यांतून आणि सीमेपलीकडच्या गुजरातेतून माणसांचा ओघ इकडे वळतो आणि पुढील पंधरा दिवस येथे यात्रा भरते. देवीचे मूळ स्थान डोंगरावर. एका गरोदर भक्तिणीला चढण सोसवेना म्हणून देवी स्वतःच पायथ्याशी उतरली, अशी आख्यायिका आहे. पौर्णिमेच्या रात्री वाघाडी गावचा पुजारी मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर ध्वज चढवतो, आणि हा ध्वज जव्हार संस्थानच्या मुकणे राजघराण्याकडून यावा असा शिरस्ता आहे.

भिंगाच्या निवडीचे प्रकरण मी या यात्रेपासून सुरू करतो, याचे कारण असे, की प्रवासात आणि रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्याला जितक्या प्रकारच्या उजेडाशी आणि जितक्या प्रकारच्या अंतरांशी गाठ घालावी लागते, ते सारे प्रकार येथे एका दिवसात हजेरी लावतात. चैत्रातले माध्यान्हीचे ऊन डोळ्यांपुढे अंधारी आणणारे. कनाती आणि ताडपत्र्यांच्या खाली दुकानांतला उजेड निळा, पिवळा, हिरवा असा गाळून आलेला. तिन्हीसांजेला आकाशात थोडा प्रकाश शिल्लक आणि दुकानांत दिवे नुकतेच लागलेले. आणि रात्री एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत केवळ काळोख. गर्दी अशी, की दोन पावले मागे सरकावे म्हटले तर मागे कोणाची टोपली किंवा कोणाचे मूल असावयाचे. अशा ठिकाणी उभे राहून उपयोगी पडेल ते भिंग इतरत्र कोठेही दगा देणार नाही.

आपल्याकडे छायाचित्रणाची कला फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि तिच्या आरंभीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे उत्साही एतद्देशीय सभासदही होते. याच सोसायटीच्या परिवारातील विल्यम जॉन्सन या गृहस्थांनी १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती पाहताना आजही एक चमत्कारिक गोष्ट जाणवते. माणसे एका उजेडात उभी आहेत आणि त्यांच्यामागचे देऊळ, तलाव किंवा रस्ता दुसऱ्याच उजेडात आहे. याचा उलगडा असा, की त्या माणसांना बहुधा चित्रशाळेत, भरपूर प्रकाशात, हलू नका अशी ताकीद देऊन उभे केले जाई, आणि पुढे छापताना निराळ्या जागी घेतलेले दृश्य त्यांच्या पाठीमागे जोडले जाई. हा जॉन्सन यांचा लबाडपणा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळची काच आणि त्या काळचे रसायन यांना माणूस त्याच्या स्वतःच्या जागी, त्याच्या स्वतःच्या उजेडात टिपणे बहुधा परवडतच नव्हते. छायाचित्रणाच्या पुढील शंभर वर्षांच्या इतिहासाचा मोठा भाग म्हणजे ही अडचण दूर करण्याचा खटाटोप होय, आणि ज्याला आज आपण फास्ट प्राइम म्हणतो, ते एकाच नाभीय अंतराचे, मोठ्या छिद्राचे भिंग त्या खटाटोपाचे फळ आहे. त्याची किंमत कळावयाची तर ते कशासाठी घडले हे ध्यानात ठेवले पाहिजे: माणसाला त्याच्या जागेवरून उठवावे लागू नये, यासाठी.

आता थोडे गणित. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका नावाचा छोटा कॅमेरा लोकांपुढे आला, त्याच्या फिल्मवरील चौकट २४ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद होती, आणि त्यावर ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/३.५ क्षमतेचे भिंग बसवलेले होते. चौकटीच्या कर्णाएवढे नाभीय अंतर असले, म्हणजे चित्रातील दूरच्या-जवळच्या वस्तूंचे परस्परप्रमाण डोळ्यांना सहज वाटते, असा जुना ठोकताळा आहे. २४ बाय ३६ च्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिलिमीटर भरतो, म्हणून चाळीसपासून पन्नासपर्यंतच्या भिंगांना स्टँडर्ड किंवा नॉर्मल म्हणण्याचा प्रघात पडला. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यभराचे बहुतेक काम या ५० मिलिमीटरच्या भिंगाने केले. १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींची अखेरची भेट घेणाऱ्यांत तो होता, आणि गांधीजींच्या हत्येनंतर लोटलेल्या शोकाकुल जनसमुदायाची त्याची चित्रे आज इतिहासाचा दाखला म्हणून मानली जातात.

भिंगाचा वेग म्हणजे त्याच्या छिद्राचा मोठेपणा. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की जो आकडा येतो तो एफ-क्रमांक. ५० मिलिमीटरचे भिंग एफ/१.८ असेल तर त्याचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे, आणि एफ/१.२ असेल तर सुमारे ४२ मिलिमीटरचे असते. काचेतून येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे आकड्यांतला लहानसा फरक प्रत्यक्षात मोठा ठरतो. कॅमेऱ्यासोबत जे १८-५५ चे झूम भिंग मिळते ते पुढे सरकवल्यावर एफ/५.६ पर्यंत आकुंचन पावते; त्याच्या तुलनेत एफ/१.८ चे भिंग जवळजवळ पावणेदहा पट प्रकाश आत घेते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे गंजाडसारख्या गावाच्या एखाद्या पाड्यावर कळावे. जिव्या सोमा मशे यांचा, १९३४ ते २०१८ या आयुष्यात वारली चित्राला जगभर नेणाऱ्या आणि २०११ साली पद्मश्री झालेल्या कलावंताचा, हा मुलूख. जुन्या पद्धतीच्या घराची भिंत कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा लेप. खिडक्या नाममात्र, आणि उजेड येतो तो दारातून आणि कुडाच्या फटींतून. लग्नाचा चौक घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, आणि तो काढणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवर जो प्रकाश पडलेला असतो, तो प्रकाशमापकाच्या भाषेत, आयएसओ (म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० धरून, ईव्ही ५ च्या आसपास असतो असे धरू. आयएसओ १६०० ठेवले, तर एफ/५.६ च्या झूम भिंगाला त्या उजेडात सेकंदाचा सोळावा भाग शटर उघडे ठेवावे लागते. चित्रातला हात तेवढ्या वेळात हलून जातो आणि बोटांऐवजी एक पांढुरकी रेघ तेवढी उमटते. एफ/१.८ ला तेच काम सेकंदाच्या एकशेसाठाव्या भागात साधते. बोटे बोटांसारखी दिसतात, पिठात बुडवलेली काडी दिसते. फ्लॅश मारून ही अडचण दूर होते खरी, परंतु फ्लॅशने त्या घरातला काळोखच नाहीसा होतो, आणि तो काळोख त्या घराचा भाग आहे. त्याशिवाय पांढऱ्या रेषेला तिचे तेज येत नाही.

येथवर वाचल्यावर एखादा म्हणेल, की मग एफ/१.८ वर का थांबावे, एफ/१.४ किंवा एफ/१.२ घ्यावे. बाजारातल्या जाहिराती याच दिशेने ओढतात आणि छायाचित्रकारांच्या गप्पांतही मोठ्या छिद्राचा मान मोठा असतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. एफ/१.४ हे एफ/१.८ पेक्षा सुमारे दीडपट अधिक प्रकाश घेते, आणि एफ/१.२ सव्वादोन पट; आजच्या कॅमेऱ्यांत हा फरक आयएसओ थोडे वाढवून भरून काढता येतो. परंतु छिद्र जसजसे मोठे होते तसतशी चित्रातली रेखीव खोली, जिला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, ती पातळ होत जाते. फुल फ्रेम, म्हणजे २४ बाय ३६ च्याच सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावून आपण सुकट-बोंबील विकणाऱ्या मावशींपासून दीड मीटरवर बसलो आहोत असे समजा: एफ/१.२ ला ही खोली सुमारे सहा सेंटिमीटर, एफ/१.८ ला नऊ, आणि एफ/४ ला एकवीस. सहा सेंटिमीटरांत मावशींचे डोळे मावतात; कानातला दागिना मावत नाही, तराजू धरलेला हात मावत नाही, समोरचा बोंबलांचा ढीग तर केवळ राखी रंगाचा डाग होऊन जातो. मागची यात्रा, पाळणे, भांड्यांची दुकाने, डोंगर, हे सारे दुधाळ गोळे होऊन वितळते, आणि या वितळण्यालाच सुंदर म्हणण्याची आज रीत पडली आहे.

मला ही रीत पटत नाही. जॉन्सन यांनी माणसामागे खोटी पार्श्वभूमी जोडली ती नाइलाजाने. आपण हौसेने पैसे मोजून खरी पार्श्वभूमी पुसून टाकतो, आणि परिणाम एकच होतो: विवळवेढ्याची मावशी कोठलीही मावशी होते. माणूस त्याच्या जागी टिपता यावा म्हणून वेगवान भिंग घडले, आणि त्याच भिंगाने जागा नाहीशी करावयाची, यात त्या साधनाच्या मूळ हेतूचाच भंग आहे. म्हणून एफ/१.८ किंवा एफ/२ ही क्षमता हाताशी असावी, परंतु ती काळोखासाठी राखून ठेवावी. संध्याकाळच्या उजेडात एफ/२.८ किंवा एफ/४ वर काम करावे आणि माणसाच्या मागचे जग अस्पष्ट का होईना पण ओळखू येईल इतके शिल्लक ठेवावे.

वजनाचाही विचार यात आला पाहिजे. कॅनन कंपनीचे आरएफ माउंटचे ५० मिलिमीटर एफ/१.२ भिंग ९५० ग्रॅम भरते आणि त्याच माउंटचे, २०२० साली आलेले एफ/१.८ भिंग १६० ग्रॅम; निकॉनच्या झेड माउंटचे ५० मिलिमीटर एफ/१.२ हे एक किलोहून थोडे अधिक, एफ/१.८ हे ४१५ ग्रॅम आणि ४० मिलिमीटर एफ/२ हे अवघे १७० ग्रॅम. चैत्रातल्या उन्हात, गळ्यात पट्टा अडकवून, दिवसभर गर्दीतून चालावयाचे असता हे आकडे काय सांगतात ते मानेला विचारावे. आणि मोठे भिंग समोरच्यालाही जड जाते. एवढी काच तोंडासमोर आली, की साधा माणूस अवघडतो, हात जुळवून उभा राहतो किंवा तोंड फिरवतो. लहान भिंगाकडे लोक लवकर दुर्लक्ष करू लागतात, आणि ते दुर्लक्ष हीच रस्त्यावरच्या छायाचित्रकाराची खरी मिळकत.

शिवाय भर दुपारी मोठ्या छिद्राचा उपयोगच उरत नाही. लख्ख उन्हात आयएसओ १०० ठेवूनही एफ/१.८ ला सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागाचे शटर लागते, आणि बहुतेक मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर चार हजाराव्या भागाशीच थांबते. त्या वेळी छिद्र एफ/८ पर्यंत आवळावे, अंतर तीन मीटरवर कायम करावे आणि फोकसची चिंता सोडून द्यावी; फुल फ्रेमवरील ३५ मिलिमीटरच्या भिंगात अशा वेळी सुमारे १.९ मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे रेखीव येते. जुने बातमीदार छायाचित्रकार याच युक्तीवर जगले. डोळ्याने पाहिले आणि बोटाने दाबले, मध्ये यंत्राचा विचार नाही.

आता नाभीय अंतराचा प्रश्न, आणि माझ्या मते निवडीतला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग. कारण छिद्र हवे तेव्हा लहान करता येते, पण भिंगाचा कोन बदलता येत नाही. दीड मीटरवरून ५० मिलिमीटरच्या भिंगात, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, साधारण १.०८ मीटर रुंद आणि ०.७२ मीटर उंच एवढे क्षेत्र मावते: बसलेल्या बाईचा चेहरा, खांदे, मांडीवरचा हात. तिच्या पुढची टोपली निम्मी बाहेर राहते. ३५ मिलिमीटरच्या भिंगात तेथूनच सुमारे दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच क्षेत्र येते: बाई, टोपली, शेजारी पेंगुळलेले पोर आणि गिऱ्हाइकाचा पुढे आलेला हात. उभ्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत आडव्या चौकटीत घ्यावयाचे, तर ५० मिलिमीटरला चार मीटरहून अधिक मागे जावे लागते आणि ३५ ला तीन मीटर पुरतात. यात्रेच्या वाटेवर चार मीटर मोकळी जागा मिळणे हा केवळ योगायोग. म्हणून मोकळ्या मैदानात, समुद्रकिनाऱ्यावर, डहाणू-बोर्डीच्या चिकूच्या बागांत ५० मिलिमीटरचे भिंग उत्तम, आणि यात्रा, आठवड्याचा बाजार, लोकलचा डबा, घरातली ओसरी यांसाठी ३५ किंवा ४० अधिक सोयीचे, असा माझा निर्णय आहे. दोहोंतून एकच घ्यावयाचे असेल तर ४० च्या आसपासचे घ्यावे. कर्णाच्या हिशेबाने तेच खरे स्टँडर्ड आहे.

अर्धपुतळ्यासारख्या चित्रासाठी ३५ मिलिमीटर वापरताना एक सावधगिरी मात्र हवी. चौकट भरण्याच्या हव्यासाने माणूस फार जवळ जातो, आणि अर्ध्या मीटरवरून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान आखडलेले दिसतात. हा दोष काचेचा नसून अंतराचा आहे. कोणतेही भिंग तेथून हेच दाखवील. एक मीटरच्या आत न जाण्याचा नियम पाळला, तर तो उद्भवत नाही.

वर सांगितलेले सर्व आकडे फुल फ्रेम कॅमेऱ्याचे झाले. आपल्याकडे बहुसंख्य लोकांच्या हाती असतो तो लहान सेन्सरचा, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात असा कॅमेरा, आणि येथेच खरेदीतली सर्वांत सामान्य फसगत होते. ५० मिलिमीटर एफ/१.८ हे भिंग सर्वांत स्वस्त, सर्वत्र उपलब्ध आणि सर्वांच्या शिफारशीचे. म्हणून नवखा मनुष्य ते डोळे झाकून घेतो. परंतु निकॉन, सोनी किंवा फुजीच्या लहान सेन्सरवर ते ७५ मिलिमीटरच्या आणि कॅननच्या लहान सेन्सरवर ८० मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते. दीड मीटरवरून त्यात जेमतेम सत्तर सेंटिमीटर रुंदीचे क्षेत्र मावते. घरातल्या मुलांचे चेहरे टिपायला ते फार छान. यात्रेत मात्र ते घेऊन गेलेला माणूस सारखा मागे सरकत राहतो. लहान सेन्सरवर स्टँडर्डचे काम करते ते ३५ मिलिमीटरचे भिंग. निकॉनने २००९ साली खास लहान सेन्सरसाठी काढलेले ३५ मिलिमीटर एफ/१.८ भिंग २०० ग्रॅमचे आहे आणि वापरलेल्या मालात आजही सहज मिळते. फुजीचे ३५ मिलिमीटर एफ/२ हे १७० ग्रॅमचे असून धूळ आणि पाण्याचे शिंतोडे यांपासून राखलेले आहे, जो गुण यात्रेच्या धुळीत फार मोलाचा. ज्यांना थोडा रुंद कोन हवा त्यांनी लहान सेन्सरवर २३, २४ किंवा २८ मिलिमीटरचा शोध घ्यावा.

काचेच्या अंगच्या गुणदोषांविषयी थोडक्यात. या भिंगांचे मूळ पाउल रुडॉल्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८९६ साली सिद्ध केलेल्या प्लानार या रचनेत आहे. सहा काचा, चार गट, आणि हवेला लागून आठ पृष्ठे; प्रत्येक पृष्ठावर थोडा थोडा प्रकाश परतून जाई आणि एकूण नुकसान चौथाईहून अधिक होई, म्हणून ती कल्पना बराच काळ मागे पडली. १९३५ साली त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तनरोधी लेप देण्याची कृती काढली आणि पुढे या रचनेला खरे दिवस आले. आजचे स्वस्त ५० मिलिमीटरचे भिंगही तिचेच वंशज. लेपाची आणि रचनेची परीक्षा रात्रीच्या यात्रेत होते: उघडा दिवा चौकटीत आला, की हलक्या भिंगात त्याच्याभोवती धुरकट वलय पसरते आणि कोपऱ्यातले ठिपके पंख फुटल्यासारखे लांबतात. छिद्र एफ/२.८ पर्यंत आवळले, की यातले बरेचसे नाहीसे होते. हूड मात्र दिवसरात्र लावलेला असावा. तो गर्दीत काचेचे रक्षणही करतो.

आणखी एक गोष्ट रात्रीच्या दुकानांत ध्यानात ठेवावयाची. आपल्या विजेची कंपने सेकंदाला पन्नास, त्यामुळे निकृष्ट एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मिचकतात. शटर फार जलद ठेवले, विशेषतः आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर चित्रावर काळपट आडवे पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणले, की पट्टे जातात. एवढ्या मंद शटरमध्ये चालती माणसे थोडी हलतात. उभ्या माणसाची, क्षणभर थबकलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी.

फोकसचा वेग हा विकणाऱ्याच्या तोंडी असलेला मोठा गुण, पण मी त्याला दुय्यम मानतो. स्वस्त भिंगांची मोटर थोडी आवाज करते आणि अंधारात एखादे वेळी पुढेमागे घुटमळते, एवढेच. त्यापेक्षा किती जवळून फोकस होतो ते पाहावे. कॅननचे आरएफ ५० हे तीस सेंटिमीटरवरून फोकस होते. मसाल्याच्या वाट्या, ताडाच्या पानांची विणलेली वस्तू, किंवा भातकापणीनंतर पाड्यावर वाजणाऱ्या तारप्याचा दुध्या भोपळा आणि त्याला मेणाने जोडलेल्या बांबूच्या नळ्या जवळून दाखवावयाच्या, तर हा गुण कामास येतो.

वापरलेले भिंग घेण्यात काही कमीपणा नाही. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या जातात, त्यामुळे इकडच्या मुलाला सकाळी निघून मुंबईच्या फोर्टात बोरा बाजाराच्या परिसरातली कॅमेऱ्यांची दुकाने पाहून रात्री परत येणे शक्य झाले आहे. तेथे गेल्यावर घाई करू नये. भिंगाची दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने मोबाइलच्या दिव्याचा झोत तिरपा सोडावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण असले तर त्याने काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, शाखा फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी. ते भिंग कितीही स्वस्त मिळाले तरी परत ठेवावे, कारण बुरशी लेप खाते आणि साफ केल्यावरही काचेवर तिची खूण राहते. मग छिद्राची पाती उघडझाप करून पाहावी. ती तेलकट किंवा मंद असतील तर तेही टाळावे. शेवटी स्वतःचा कॅमेरा सोबत नेऊन त्यावर चढवावे आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यावर, पूर्ण उघड्या छिद्राने, एखाद्या फलकाच्या अक्षरांचे चित्र घेऊन ते मोठे करून पाहावे.

बुरशीचा धोका किनारपट्टीच्या माणसाला जन्माचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात डहाणूच्या हवेत जी दमट ऊब असते ती तिला फार मानवते, आणि कॅमेऱ्याची चामड्याची किंवा कापडी पिशवी बंद करून कपाटात ठेवणे म्हणजे तिला आमंत्रण देणे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे ठेवावेत, ते ओलावले की तापवून पुन्हा वापरावेत. आणि आठवड्यातून एकदा भिंग बाहेर काढून उजेडात हाताळावे. वापरात असलेल्या काचेवर बुरशी सहसा धरत नाही.

यात्रेत एकाच नाभीय अंतराच्या भिंगाने काम करणाऱ्याला माणसाजवळ जावेच लागते, आणि जवळ जावयाचे तर विचारावे लागते. दूरच्या झूमने चोरून घेतलेले चित्र आणि दीड मीटरवर बसून, मावशी, एक फोटो काढू का, असे विचारून घेतलेले चित्र यांतला फरक पाहणाऱ्याला कळतो. नको म्हटले तर कॅमेरा खाली करावा. आदिवासी स्त्रीपुरुषांकडे शहरातून आलेल्या माणसाने कसे पाहावे, याची आपल्याकडची परंपरा फारशी अभिमानास्पद नाही. जॉन्सन यांच्या ग्रंथापासून ती नमुने गोळा करण्याचीच राहिली आहे. नाव विचारले, गाव विचारले, घेतलेले चित्र मागच्या पडद्यावर दाखवले, तर समोरची व्यक्ती नमुना राहत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात आणि ध्वजाच्या रात्री डोंगरावर काय चालते आणि काय चालत नाही, हे देवस्थानच्या माणसांना आधी विचारून घ्यावे, आणि फ्लॅश तर दोन्ही ठिकाणी बंदच ठेवावा.

सारांश न करता निर्णय तेवढा सांगतो. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ४० मिलिमीटर एफ/२ किंवा ३५ मिलिमीटर एफ/१.८, लहान सेन्सर असेल तर ३५ मिलिमीटर एफ/१.८ किंवा एफ/२. कंपनी कॅमेऱ्याला जुळेल ती, आणि चांगल्या स्थितीतले वापरलेले मिळाले तर नवे घेण्याचा आग्रह नको. एफ/१.२ चा मोह टाळून जे पैसे उरतील त्यातून एक जास्तीची बॅटरी घ्या, आणि बाकीच्यातून यात्रेत काढलेली चित्रे कागदावर छापून घेऊन ज्यांची त्यांना पुढल्या चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्यास नेऊन द्या.